उंडेगावकरांचा तारा

एकोणीसशे एकोणनव्वद सालचा ऑगस्ट. निंबगव्हाणच्या ज्वारी संशोधन केंद्रातल्या संगणक कक्षाचे प्रमुख मधुसूदन उंडेगावकर यांनी दिल्लीहून आलेलं एक पत्र माझ्या टेबलावर टाकलं. शेपटीला धरून आणलेला उंदीर टाकावा, तसं.

"वाचा, सबनीस बाई. तुमच्या परवीनचे पराक्रम."

मी वाचलं. डॉ. हत्तरगे यांच्या नव्या रब्बी ज्वारीच्या वाणाचा अहवाल आम्ही जूनमध्ये पाठवला होता. त्यात उजनवाडी आणि तांबाळा या दोन केंद्रांवरचे आकडे होते. दोन्ही ठिकाणच्या प्रत्येक वाफ्याचं उत्पन्न दशांशापर्यंत सारखं निघालं होतं. दोन गावांची माती निराळी, पाऊस निराळा, आणि ज्वारी मात्र जुळ्या बहिणींसारखी. दिल्लीच्या समितीनं खुलासा मागितला होता. शेवटचं वाक्य सभ्य इंग्रजीत होतं आणि त्याचा अर्थ असा, की तांबाळ्याला खरोखर काही पेरलं होतं का, की घरी बसून लिहिलंत?

"यात परवीन कुठे आली?" मी विचारलं.

"एकच गठ्ठा दोनदा टाइप केला तिनं. एकदा उजनवाडी म्हणून, एकदा तांबाळा म्हणून. सरळ आहे. ही कामावर यायची ती गप्पा मारायला."

परवीन शेख आमच्याकडे रोजंदारीवर आकडे भरायचं काम करायची. ती चार हातांवर बसली होती. तिची बोटं थांबली.

"साहेब, अल्लाची आन. दोन गठ्ठे होते. दोन्ही केले मी."

"आण घेऊन दिल्लीला उत्तर जात नाही. गुरुवारी संचालक बसणार आहेत. त्यांनी सही केली की तू मोकळी."

"मोकळी म्हंजे?"

"म्हणजे घरी."

पुढच्या महिन्यात तिला कायम करायचं ठरलं होतं. कागद संचालकांच्या टेबलावर होता. नवरा गॅरेजमध्ये हात गमावून बसलेला आणि घरात खाणारी पाच तोंडं. हे उंडेगावकरांना माहीत होतं. त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असायचं, फक्त स्वतःच्या कामाचं सोडून.

हा गृहस्थ मूळचा ट्रॅक्टर विभागाचा. तिथले ट्रॅक्टर एकेक करून बसले, तेव्हा संचालक डॉ. रेगे यांनी त्याला उचलून संगणक कक्षात बसवला. रेग्यांचं म्हणणं, यंत्र ते यंत्र. मुंबईला पंधरवड्याचा कोर्स करून आला आणि आल्यापासून आम्हाला "त्या मशीनवर असं असतं" हे ऐकवू लागला. ते मशीन वेगळं होतं, त्याची भाषा वेगळी होती, आमच्याकडे होतं युनिक्स. ही गोष्ट त्याच्या ध्यानात शेवटपर्यंत आली नाही. कक्षात चपला बाहेर काढायचा नियम त्याचा. सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायचा. दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं ते कळफलकात गेलं आणि दिवाळीपर्यंत एक अक्षर उमटेना. मी एम.एस्सी. झालेली, सांख्यिकी सहायक. अशा माणसाला मला "साहेब" म्हणावं लागे. मी म्हणत असे. शब्दाला वास येत नाही, एवढं बरं असतं.

आता थोडं त्या ताऱ्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर फिरलं.

आमच्याकडे प्रत्येक केंद्राच्या आकड्यांची एक फाइल असे. सरासरी काढायचा, चुका शोधायचा, छापायचा, असे प्रोग्राम होते. साधे, बिचारे, एका वेळी एकच फाइल घेणारे. युनिक्सवर फाइलच्या नावाच्या जागी तारा टाकला, म्हणजे ती कळफलकावरची चांदणी, की युनिक्स त्या जागी तिथल्या सगळ्या फाइलींची नावं ओळीनं मांडतं. मांडतं ते युनिक्स. प्रोग्रामला ताऱ्याचा पत्ताही नसतो. त्याच्या दारात नावांची रांग येऊन उभी राहते, एवढंच. आमचे प्रोग्राम रांगेतल्या पहिल्याला आत घेत आणि दार लावून घेत. मग आकडे भरणाऱ्या मुली दिवसभर एकेक नाव टाइप करीत बसायच्या.

मी त्यावर शेल स्क्रिप्ट लिहिल्या. शेल स्क्रिप्ट म्हणजे मशीनला लिहून दिलेली चिठ्ठी. रांगेतलं एकेक नाव घे, प्रोग्रामला दे, रांग संपेपर्यंत घरी जाऊ नकोस. पहिल्या चिठ्ठीचं नाव मी 'सगळे' ठेवलं. कुठल्याही साध्या प्रोग्रामच्या आधी 'सगळे' लिहायचं, पुढे तारा टाकायचा आणि चहाला जायचं. नकलेसाठी मात्र वेगळी चिठ्ठी लिहिली. नकलेच्या आज्ञेला दोन गोष्टी लागतात, कशाची नक्कल आणि कुठे. माझी चिठ्ठी आधी "कुठे?" म्हणून विचारायची आणि सांगितलेली जागा खरंच रिकामा कप्पा आहे की कुणाची भरलेली फाइल, हे बघून मगच हात लावायची.

मुलींनी त्या दिवशी मला पेढे दिले होते. उंडेगावकरांनी नाव ठेवलं, कुबड्या.

"लंगड्यांना लागतात, बाई. मी सरळ आज्ञा देतो. मशीन काय माझी चिठ्ठी वाचत बसणार?"

पत्र आलं त्या दुपारी डॉ. हत्तरगे माझ्याकडे आले. भीमाशंकर हत्तरगे. कपाळावर भस्माचे पट्टे, शर्टाच्या खिशात कायम दोन-चार ज्वारीचे दाणे. उभी हयात त्यांनी एका वाणावर घालवली होती. चिकटा रोगाला दाद न देणारं, पाणी कमी पडलं तरी कणीस भरणारं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. केंद्रातला हा एकच माणूस असा होता की त्याच्यासमोर मी खुर्चीतून उठत असे.

"बाई, हे काय होऊन बसलं हो," ते स्टुलावर टेकले. "मला विचारू लालेत, पेरलं होतं का म्हणून. तांबाळ्याला मी सोत्ता माळ्यावर बसून पाखरं राखलो."

"तुम्ही अहवाल पाहिला नव्हता का, डॉक्टर? जाण्याआधी?"

त्यांनी मान खाली घातली. "सही करून ठिवलो होतो. दौऱ्यावर जायाचं होतं. तुमी बी नव्हतात."

कोऱ्या पत्रावर आधीच सही करून ठेवायची, ही आमच्या केंद्राची पद्धत. मोठी माणसं शेतावर असत आणि टपाल थांबत नसे. आणि मीही त्या आठवड्यात नव्हते. भाचीच्या लग्नाला नांदेडला गेले होते. तिसऱ्या केंद्राचा प्रयोग त्या वर्षी रद्द झाला होता, म्हणून मशीनवर त्या वाणाच्या कप्प्यात फाइली उरल्या होत्या दोनच, उजनवाडीची आणि तांबाळ्याची. अहवाल उंडेगावकरांनी स्वतः छापून स्वतः टपालात टाकला होता, कारण टपालात टाकण्याचं श्रेय त्यांना फार आवडे.

परवीन उठून हत्तरग्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या वाणाचे सगळे आकडे तीन साल मीच भरले. कधी गडबड झाली का?"

"न्हाई पोरी. तू चुकनारी न्हवंस," हत्तरगे म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गुरवारी मी हाय की तिथं. मी सांगतो."

तिनं नाक पुसलं आणि जाऊन कामाला बसली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहिते.

मी दोन्ही फाइली उघडल्या. उजनवाडीच्या फाइलीत सतराव्या वाफ्याच्या ओळीत परवीननं चुकून दोनदा स्पेस दिली होती. तांबाळ्याच्या फाइलीतही, त्याच ओळीत, त्याच जागी, दोनदा. माणूस एकच गठ्ठा दोनदा टाइप करील, पण तीच चूक त्याच जागी पुन्हा करणार नाही. ही टाइप केलेली फाइल नव्हतीच. ही नक्कल होती, एका फाइलीवर दुसरी फाइल टाकलेली.

चहाच्या वेळी मी उंडेगावकरांना अगदी गोड आवाजात विचारलं, "साहेब, मी रजेवर असताना फ्लॉपीवर नक्कल कुणी घेतली होती?"

"कुणी म्हणजे? मी." बशीतला चहा फुंकत ते म्हणाले. "अहवालाच्या आधी सुरक्षित प्रत ठेवावी, हे मुंबईत शिकवतात. तुमच्यासारखं दहा प्रश्न विचारणाऱ्या चिठ्ठ्या नाही लागत. नक्कल म्हटलं, तारा टाकला, एंटर. एका झटक्यात सगळं."

"कुठे ते नाही सांगितलं?"

"कुठे काय सांगायचं? त्या मशीनवर नुसतं कॉपी म्हटलं की आपण जिथे उभे असतो तिथे येतं."

"आणि मशीननं काही तक्रार केली नाही?"

"अवाक्षर नाही."

मला हसू आवरेना, म्हणून मी पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर गेले. ते मुंबईचं मशीन. आमचं मशीन तसं नव्हतं. कप्प्यात फाइली दोन. ताऱ्याच्या जागी दोन नावं मांडली गेली, केंद्रांच्या क्रमांकानं, उजनवाडी आधी. नकलेच्या आज्ञेनं पहिल्या नावाला समजलं 'कशाची' आणि दुसऱ्याला 'कुठे'. उजनवाडीची फाइल उचलली आणि तांबाळ्यावर ठेवली. तांबाळा पुसून गेलं. तीन फाइली असत्या तर मशीननं हरकत घेतली असती. दोन होत्या, म्हणून आज्ञा बरोबर बसली. आणि युनिक्सची रीत अशी, की सांगितलेलं काम झालं की ते तोंड उघडत नाही. उंडेगावकरांसारख्या माणसाला गप्प बसलेली कुठलीही वस्तू आपल्याशी सहमत आहे असंच वाटतं.

फ्लॉपीवर अर्थातच काहीही गेलं नव्हतं. ती त्यांनी कपाटात कुलूपबंद ठेवली होती. रिकामी.

मी लगेच जाऊन काही बोलले नाही. शब्दाला शब्द लागला असता, आणि रेग्यांच्या दारात शब्दांचं वजन पदाप्रमाणे होतं. खेरीज तांबाळ्याचे शेतावरचे कागद होते, ते पुन्हा भरता आले असते, पण दिल्लीला तेवढ्यानं काय होणार? कागद काय, काल बसून लिहिलेत म्हणतील. दोन फाइली सारख्या कशा झाल्या, हे डोळ्यांना दिसायला हवं होतं.

गुरुवारी डॉ. रेगे आमच्या कक्षात आले. चपला बाहेर काढून, मोज्यांनिशी. बरोबर हत्तरगे. परवीन कोपऱ्यात उभी, पदर घट्ट धरून. उंडेगावकरांनी पत्राचा मसुदा टाइपही करून आणला होता.

"ऑपरेटरची चूक, सर. तिनं मान्य केलंय."

"मी कधी मान्य केलं?" परवीन म्हणाली.

"तू गप्प बस."

"सर," मी म्हणाले, "सहीच्या आधी एक बघावं. अहवाल छापला त्या दिवशी उंडेगावकर साहेबांनी सुरक्षित नक्कल घेतली होती. ती कशी घेतात, आपल्यासमोर करून दाखवतील का? दिल्लीला लिहिता येईल, की आमच्याकडे पद्धत चोख आहे."

रेग्यांना हे आवडलं. पद्धत हा त्यांचा लाडका शब्द होता. "दाखवा हो, उंडेगावकर."

"मी कप्पा तयार ठेवलाय," मी म्हणाले. "दोन फाइली आहेत. एक साहेबांचा बढतीचा अर्ज, एक सरांचं शेतकरी दिनाचं भाषण. हवं तर माझी चिठ्ठी वापरा साहेब, ती नीट विचारून..."

"मला कुबड्या लागत नाहीत, बाई," उंडेगावकर म्हणाले. बाह्या मागे सारून ते बसले. फ्लॉपी आत सरकवली. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, नकलेची आज्ञा लिहिली, पुढे तारा ठेवला आणि एंटर असं दाबलं की जणू भूमिपूजनाचा नारळ फोडला.

पडदा गप्प.

"झालं," ते खुर्ची फिरवून म्हणाले. "बघा सर. एक सेकंद."

"छान," रेगे म्हणाले.

"आता दोन्ही फाइली उघडून दाखवता का?" मी म्हणाले.

त्यांनी अर्ज उघडला. त्यांचाच होता. 'सविनय विनंती' वगैरे. मग भाषण उघडलं. त्यातही सविनय विनंती. रेग्यांनी चष्मा पुसला आणि पुढे वाकले. 'गेली बारा वर्षे इमानेइतबारे सेवा करीत असून.'

"हे माझं भाषण?"

"नाही सर. म्हणजे, हो. मशीन..."

"माझं भाषण कुठे आहे, उंडेगावकर? रविवारी पालकमंत्री येणार आहेत!"

उंडेगावकरांनी एंटर पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग ज्या कळा कशासाठी असतात ते त्यांना माहीत नव्हतं, त्याही दाबल्या. फ्लॉपी काढून फुंकली आणि परत घातली. परवीन हसली. मोठ्यानं नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. ते हसणं तिला पुढे महागात पडलं की नाही, सांगता येत नाही. मला मात्र ते अजून ऐकू येतं.

"तांबाळ्याचं असंच झालं, सर," मी म्हणाले. "एका फाइलीवर दुसरी फाइल. परवीननं दोन्ही गठ्ठे बरोबर भरले होते. भाषणाची काळजी करू नका. माझ्याकडे प्रत आहे. कुबड्यांनी घेतलेली."

रेगे खुर्चीत बसले. पडद्यावरचा अर्ज त्यांनी पुन्हा एकदा वाचला. मूर्ख नव्हते ते. मूर्ख असते तर मला त्यांचा एवढा तिटकारा आला नसता.

"समजलं," ते म्हणाले. "पूर्ण समजलं. आता हे दिल्लीला लिहायचं कसं?"

"जसं झालं तसं, सर."

"जसं झालं तसं लिहिलं, तर ते विचारणार, या गृहस्थांनी आणखी काय काय नक्कल केलं? दोन वर्षांचे सगळ्या वाणांचे आकडे याच खोलीतून गेलेत. सगळे परत तपासा म्हणतील. यांना इथे बसवलं कुणी, तेही विचारतील." हे शेवटचं ते हळू म्हणाले. "आणि हत्तरगे, तुमचं वाण दोन हंगाम तरी लटकलं. तुम्ही पुढच्या मार्चमध्ये निवृत्त. तुमच्या मागे ते कोण लढवणार?"

हत्तरग्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

"ऑपरेटरकडून गठ्ठा दोनदा भरला गेला असं लिहिलं, तर प्रश्न संपतो. माणसाची साधी चूक. तांबाळ्याचे कागद पुन्हा भरून पाठवतो. दिवाळीच्या बैठकीत वाण मंजूर. पण मी जबरदस्ती करणार नाही. वाण तुमचं आहे. नाव तुमचं डागाळलंय. तुम्ही सांगाल तसं."

हे रेग्यांचं कसब. स्वतःच्या हातातली सुरी ते दुसऱ्याच्या हातात देत आणि वर म्हणत, आग्रह नाही हं.

"डॉक्टर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिशातला एक दाणा काढून दोन बोटांत फिरवत राहिले. बाहेर कुणीतरी पंप चालू केला. परवीन त्यांच्याकडे बघत होती, आणि अजूनही तिच्या चेहऱ्यावर त्या हसण्याचं थोडं उरलेलं होतं. तिला वाटत होतं, आता संपलं. साहेबांची फजिती झाली, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आता काय राहिलं?

"आपरेटर लिवा, सर," हत्तरगे म्हणाले.

"नीट सांगा. तुमचं मत?"

"आपरेटरची चूक. तसंच लिवा."

परवीनला आधी समजलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काही भाषांतर करून सांगेन म्हणून.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाले होते..."

"बेटी, तुला दुसरीकडं कुटं बी काम मिळंल," ते दाण्याकडे बघत म्हणाले. "टायपिंग येतंय तुला. माझं हे एकच हाय."

उंडेगावकरांना एवढ्यात कंठ फुटला. "मी तर पहिल्यापासून हेच सांगत होतो, सर."

अशा खुलाशावर सांख्यिकी सहायकाची सही लागत असे. मसुदा माझ्यापुढे आला. मी पेनचं टोपण लावलं.

"मी खोट्यावर सही करत नाही."

"बाई, विचार करा," रेगे म्हणाले.

"केला. तुमच्या तिघांपेक्षा मला जास्त येतो."

हे मी खरंच म्हणाले. रेग्यांचा चेहरा पांढरा पडला, पण त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. सांख्यिकी सहायक प्रवासात असल्याचा शेरा मारला आणि पत्र गेलं. माझ्या सहीवाचून काही अडलं नाही. सत्याची एक प्रत कमी पडली म्हणून दिल्लीत कुणाचं काही बिघडत नाही.

परवीन त्याच दुपारी निघाली. मी फाटकापर्यंत गेले. मी पुष्कळ बोलत होते. वर अर्ज करू, वर्तमानपत्राला लिहू, कामगार न्यायालय आहे. ती ऐकत होती.

"बाई, राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "उंडेगावकरसाहेबाचं मला काही वाटत नाही. तो आधीपासून तसाच. कुत्र्यानं चावलं तर कोण रुसतं?"

"आणि हत्तरगे?"

तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"त्यांनी डोक्यावर हात ठेवला नसता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मग मी घरी तयारी करून ठेवली असती."

बस आली. ती गेली.

वाण दिवाळीत मंजूर झालं. चांगलं वाण आहे, हे मला कबूल करावं लागतं. आजही सोलापूर-लातूरकडे पेरतात. भाकरी पांढरीशुभ्र होते आणि मोडत नाही. चांगल्या वस्तू चांगल्या माणसांच्या हातूनच होतात, असं काही नसतं. ज्वारीला कणा असतो. तिच्या डॉक्टरांना नव्हता.

रेगे नंतर कुलगुरू होता होता राहिले. पुण्यात बंगला बांधून त्यांनी शेतीवर आत्मचरित्र लिहिलं. त्यात पद्धतीवर एक संपूर्ण प्रकरण आहे. मी वाचनालयातून आणून वाचलं आणि तारखेच्या आत परत केलं.

उंडेगावकरांना तो अर्ज पावला. बढती मिळाली. दोन हजार सालानंतर गावोगाव शाळांमधून संगणकयुगावर व्याख्यानं देत फिरायचे. एकदा मी एका शाळेत मागच्या बाकावर बसून ऐकलं. मुलांना सांगत होते, मुलांनो, संगणक कधी चुकत नाही. खाली येऊन मला ओळखून म्हणाले, "सबनीस बाई! अजून चिठ्ठ्या लिहिता का?" मी म्हणाले, "नाही. आता वाचणारं कुणी राहिलं नाही." त्यांना ती स्तुती वाटली. गेल्या वर्षी गेले. पेपरात फोटो होता, मागे संगणक, कळफलकाला हार.

मी पुढच्याच वर्षी बदली मागून घेतली आणि हवामान खात्याच्या एका कचेरीत उरलेली नोकरी केली. 'सगळे' तिथेही नेलं. निवृत्त होताना तिथल्या मुलांना सांगून आले, की ती फाइल काढू नका. काढलीच असेल. आता लातूरला बहिणीजवळ असते.

परवीन उस्मानाबादेत स्थिरावली. आधी एका वकिलाकडे टायपिंग केलं. मग घराच्या पुढच्या खोलीत दोन संगणक मांडून क्लास काढला. मग झेरॉक्स, मग इंटरनेट, आता आधारकार्डं आणि सातबारे. दोन मुली शिकवल्या. एक औरंगाबादेत पदव्युत्तर वर्गांना शिकवते. दुकानाच्या पाटीवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. दिवाळीला तिचा फोन येतो, ईदला माझा जातो.

हत्तरगे निवृत्तीनंतर त्याच गावात राहायला आले, मुलाकडे. काही वर्षांपूर्वी त्यांचा सत्कार झाला. वाणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. मला निमंत्रण होतं, मी गेले. कार्यक्रम संपल्यावर काठी टेकत ते माझ्यापर्यंत आले. कपाळावरचे पट्टे तसेच.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवसाचं माझ्या मनातून जाईना झालंय. तुमी मला माफ केलात का?"

"माझं काय गेलं होतं, डॉक्टर? माझ्याकडून माफी घेऊन काय करणार?" मी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर परवीनचा पत्ता लिहून त्यांच्या हातात दिला. "इथून दोन गल्ल्या पलीकडे आहे. दुकान सकाळी लवकर उघडतं."

त्यांनी पत्रिका कपाळाला लावली आणि जपून खिशात ठेवली. खिशात दाणे होते. डोळे भरून आले होते त्यांचे. बघणाऱ्यांना वाटलं असेल, केवढा हळवा माणूस.

त्या दिवाळीला परवीनचा फोन आला. मी न राहवून विचारलं, "अगं, हत्तरगे आले होते का तुझ्याकडे?"

"कोण? जवारीवाले डॉक्टर?" ती म्हणाली. मागे झेरॉक्सचं मशीन चालू होतं. "इकडे तर नाही आले, बाई. पण बघते मी त्यांना. रोज सकाळी दुकानावरूनच फिरायला जातात."

"रोज?"

"रोज. पावसात सुद्धा. आधी या बाजूनं जायचे. आता काही महिने झाले, रस्ता ओलांडून पलीकडनं जातात."